अकरावीतली पिचर: परभणी जिल्ह्यातल्या एका सॉफ्टबॉल प्रशिक्षकाची कारकीर्द

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालय आहे. गावाला रेल्वे स्टेशन आहे, कापसाचं मार्केट आहे आणि महाविद्यालयाच्या मागे भलंमोठं उघडं मैदान आहे. तिथले शारीरिक शिक्षण संचालक अलीकडे वयोमानानुसार निवृत्त झाले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते रुजू झाले. तेव्हापासून, कोरोनाचा काळ सोडला तर, मुलींचा सॉफ्टबॉल संघ त्यांनी मोडू दिला नाही. विद्यापीठाच्या संघात त्यांची एकही मुलगी नाही असं वर्ष विरळाच. गावात त्यांना ‘पीडी (फिजिकल डायरेक्टर) सर’ म्हणतात, इथेही तेवढंच नाव पुरे. गावाचं आणि महाविद्यालयाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

मराठवाड्यात अनेक महाविद्यालयांनी सॉफ्टबॉल सुरू केला आणि बऱ्याच ठिकाणी तो तीन-चार वर्षांत बसला. चांगली बॅच आली की संघ उभा राहतो. बॅच पदवी घेऊन गेली की ग्लोव्हज कपाटात जातात आणि पुढे ते कपाट उंदरांचं होतं. इथे तसं का झालं नाही, हा या अभ्यासाचा विषय.

गावात विचारलं तर उत्तर ठरलेलं: सरांची तळमळ. तळमळीबद्दल शंका नाही. पण तळमळीचे सर या भागात मी पुष्कळ पाहिले, आणि त्यातल्या कित्येकांचा खेळ त्यांच्या डोळ्यांदेखत संपला. पीडी सरांचं वेगळेपण माझ्या मते एका हिशोबात आहे. पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणारी खेळाडू, घडायला किती वर्षं लागतात आणि मुलगी मैदानावर किती वर्षं मिळते, हे दोन आकडे त्यांनी एकमेकांशी जुळवले. मैदान, सामान, प्रवास, प्रमाणपत्रं हे सगळं त्यामागून आलं.

खेळ कसा पदरात पडला

सर मूळचे व्हॉलीबॉलचे. सॉफ्टबॉलबद्दल त्यांना एम.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीच्या, परीक्षेपुरती माहिती होती: १८८७ साली शिकागोत बंदिस्त जागेत खेळायचा बेसबॉल म्हणून सुरुवात, नऊ खेळाडू, सात इनिंग, दोन बेसमध्ये (रन काढताना धावत गाठायचे टप्पे) साठ फूट. ते रुजू झाले तेव्हा मुलांचे कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट गावातल्या कुणा ना कुणाच्या ताब्यात होते. मुलींचा खो-खो होता, पण विद्यापीठात पुढे जायचं तर गाठ उस्मानाबादच्या मुलींशी. आजच्या धाराशिवचा खो-खोतला दबदबा नव्याने सांगायला नको. २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे तिथलीच.

सॉफ्टबॉलला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघ कमी यायचे. संघ कमी म्हणजे दोन सामने जिंकले की उपांत्य फेरी. खेळ निवडण्यामागे एवढाच व्यवहार होता आणि सर तो लपवत नाहीत. मला त्यांचं हे आवडतं. निवृत्तीच्या सत्कारात वक्ते खेळावरच्या जन्मजात प्रेमाबद्दल बोलत होते, तेव्हा सर खाली मान घालून हसत होते.

पहिला संघ त्यांनी खो-खोच्या मुलींमधूनच उभा केला. सूर मारायची भीती नसलेली मुलगी बेसवर स्लाइड, म्हणजे जमिनीवरून घसरत पोचणं, लवकर शिकते. समोरच्याच्या खांद्यावरून दिशा ओळखणं, एका पावलात वळणं, मागून आलेल्या आवाजावर धावणं हे तिच्या अंगात आधीच असतं. उलट भावांबरोबर गल्लीत क्रिकेट खेळलेल्या मुलींवर जास्त मेहनत घ्यावी लागायची. त्या चेंडू मारून बॅट हातात घेऊनच फर्स्ट बेसकडे पळत. झेल आला की ग्लोव्ह घातलेला हात मागे आणि मोकळा हात पुढे.

याच काळात एक गोष्ट सरांच्या हातात नसताना त्यांच्या पथ्यावर पडली. तोवर परभणी जिल्हा औरंगाबादच्या विद्यापीठात होता. निवड चाचणीला तिकडे जायचं, शहरातल्या मुलींसमोर उभं राहायचं आणि राखीव म्हणून परत यायचं. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि नांदेड, लातूर, परभणी हा भाग (हिंगोली तेव्हा परभणीतच होतं) तिकडे गेला. नव्या विद्यापीठात सॉफ्टबॉलची जुनी मिरासदारी कुणाचीच नव्हती. काल राखीव असलेल्या मुली एका वर्षात ‘कलर होल्डर’, म्हणजे विद्यापीठाच्या संघातल्या खेळाडू, झाल्या. विद्यापीठाचा ब्लेझर घालून गावात फिरणारी मुलगी ही त्या गावासाठी नवी गोष्ट होती, आणि पुढची काही वर्षं संघाला मुली मिळाल्या त्या या ब्लेझरमुळे. कारकिर्दीचं मोल करताना असे योगायोग आपण गाळून टाकतो. ते गाळले की मग सगळं कर्तृत्वच दिसायला लागतं.

काळी माती

मैदानाबद्दल थोडं लिहिलं पाहिजे, कारण बाहेरून आलेल्या पंचांना त्याचं फार कौतुक असायचं.

परभणीची काळी माती कापसाला चांगली, डायमंडला, म्हणजे बेसच्या चौकोनाला, वाईट. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जमिनीवरून येणारा चेंडू भेगेच्या काठावर आपटून थेट तोंडावर उडतो. पावसाळ्यात बुटाला चिखलाचे गोळे लागतात. सुरुवातीला सरांनी माती सारखी करून वर नुसता मुरूम पसरला. तो एका पावसाळ्यात काळ्या मातीने गिळला. मग त्यांनी शेतरस्ता करतात तसं केलं. इनफिल्डची (बेसच्या आसपासच्या भागाची) माती फूट-दीड फूट खोदून काढली, खाली दगडगोटे, त्यावर जाड मुरूम, वर चाळलेला बारीक मुरूम, पाणी आणि रोलर. मुरूम एका माजी विद्यार्थ्याने दिला, तो रस्त्यांची कामं घ्यायचा. रोलर नगरपालिकेचा. होम प्लेट, म्हणजे बॅटर उभी राहते ती जागा, त्यांनी मैदानाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात घेतली, म्हणजे संध्याकाळच्या सरावात ऊन बॅटरच्या आणि तिच्यामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीशी राहतं.

मुरमावर स्लाइड केली की मांडी सोलते. म्हणून नव्या मुली आधी ताडपत्रीवर पाणी ओतून घसरायला शिकायच्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हा ताडपत्रीवर बादली ओतणं शोभणारं नव्हतं. त्या वर्षी सोयाबीनच्या भुसकटाचा थर पसरून स्लाइड शिकवली. अंगाला खाज सुटते एवढंच.

तीन वर्षांची पदवी, तीन वर्षांची पिचर

आता मुख्य मुद्दा. सॉफ्टबॉल बाहेरून पाहणाऱ्याला बॅटिंगचा खेळ वाटतो. महाविद्यालयीन पातळीवर तो जवळजवळ पूर्णपणे पिचरचा आहे. मुलींच्या खेळात पिचरची प्लेट होम प्लेटपासून १३.११ मीटरवर असते. (पूर्वी हे अंतर १२.१९ मीटर होतं. ते बदललं तेव्हा सरांच्या तयार झालेल्या पिचरचा ड्रॉप (शेवटी खाली पडणारा चेंडू) होम प्लेटच्या आधीच जमिनीला लागायला लागला आणि अख्खा हंगाम ते सावरण्यात गेला.) ताशी ९० किलोमीटरने टाकलेला चेंडू हे अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. चेंडू स्ट्राइक, म्हणजे मारण्याच्या टप्प्यातला, आहे का, बॅट फिरवायची का, बंट करायचा (बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवायचा) का, हे सगळं तेवढ्यात. समोर असा चेंडू टाकणारी मुलगी असेल तर बाकीच्या आठजणी साधारण असल्या तरी चालतं. नसेल तर आठजणी उत्तम असूनही उपयोग नाही, कारण चार बॉल, म्हणजे टप्प्याबाहेरचे चेंडू, झाले की बॅटरला फुकटात फर्स्ट बेस. यालाच वॉक म्हणतात.

सरांच्या सुरुवातीच्या स्कोअरबुकांत हे स्वच्छ दिसतं. सामने हरले ते मार खाऊन हरले नाहीत. वॉक, वॉक, वाइल्ड पिच (कॅचरलाही न सापडणारा चेंडू), पुन्हा वॉक. एका इनिंगमध्ये समोरच्या संघाने एकही हिट न मारता पाच-सहा रन केल्याच्या नोंदी आहेत. मग समोरच्याची आघाडी फार वाढली म्हणून रन-अहेड नियम लागून सामना लवकर संपायचा.

पिचर घडायला मात्र वेळ लागतो. हात खालून पूर्ण गोल फिरवून, मांडीजवळून मनगटाच्या झटक्याने चेंडू सोडायचा, ही विंडमिल पद्धत. पहिलं वर्ष फक्त हात, कंबर आणि पाऊल यांचा मेळ बसण्यात जातं. चेंडू कधी बॅटरच्या डोक्यावरून, कधी कॅचरच्या दोन फूट आधी. दुसऱ्या वर्षी तो स्ट्राइक झोनमध्ये यायला लागतो, पण एकाच वेगाने, म्हणून दुसऱ्या फेरीत बॅटर त्याला ओळखतात. तिसऱ्या वर्षी चेंजअप (त्याच हालचालीत टाकलेला हळू चेंडू) किंवा ड्रॉप हाताला लागतो आणि मुलगी खऱ्या अर्थाने पिचर होते. तोवर मार्च आलेला असतो, पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा असते आणि घरी स्थळं पाहणं चालू झालेलं असतं.

बी.ए.ला तीन वर्षं, पिचरलाही तीन वर्षं. तयार झाली त्या दिवशी ती गेली. पहिली काही वर्षं सरांच्या हे लक्षात आलं नाही. दर वेळी ते म्हणायचे, अजून एक वर्ष मिळालं असतं तर. मला वाटतं या भागातल्या निम्म्याअधिक प्रशिक्षकांची कारकीर्द या एका वाक्यात गेली.

उपाय त्यांच्या आवारातच होता. मराठवाड्यातल्या बहुतेक वरिष्ठ महाविद्यालयांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असतं. अकरावीत आलेली मुलगी तिथेच पदवी करणार असेल तर पाच वर्षं मिळतात. पण अकरावी-बारावीच्या मुली विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळू शकत नाहीत. त्या शालेय स्पर्धांच्या १९ वर्षांखालील गटात, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या स्पर्धांत खेळतात, आणि तो कारभार कनिष्ठच्या क्रीडा शिक्षकांचा. ते सर वयाने मोठे, स्वभावाने कडक. त्यांच्या मुलींना हात लावणं म्हणजे त्यांच्या हद्दीत जाणं.

इथे पीडी सरांनी जे केलं ते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं, असं माझं मत आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही अहवालात नाही. त्यांनी श्रेय सोडलं. अकरावी-बारावीच्या संघाची प्रवेशिका, प्रशिक्षक म्हणून सही, वर्तमानपत्रातलं नाव, फोटोतली मधली खुर्ची, सगळं कनिष्ठच्या सरांचं. सरावाला मात्र दोन्ही संघ एकत्र, एका वेळी, एका मैदानावर. संघ विभागीय स्पर्धेपर्यंत गेला की सत्कार कनिष्ठच्या सरांचा व्हायचा आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत पीडी सर असायचे. दोन वर्षांनी त्याच मुली एफ.वाय.ला येताना हातात तयार चेंडू घेऊन यायच्या.

दुसरा नियम यातूनच निघाला. सरांना विंडमिल समजावून सांगता येत होती, करून दाखवता येत नव्हती. व्हॉलीबॉलच्या खांद्याला ती वळणं जमेनात. म्हणून शेवटच्या वर्षाच्या पिचरने अकरावीतल्या एका मुलीला शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. रोज सराव संपल्यावर थोडा वेळ थोरली धाकटीसमोर कॅचर म्हणून बसणार आणि तिचे वेडेवाकडे चेंडू अंगावर घेणार. मुली एकमेकींना ताई म्हणत, आणि गावात आजही कुणाची ताई कोण ही साखळी सांगता येते. हे लाचारीतून झालं होतं, दूरदृष्टीतून नाही. पण सरांनंतर खेळ टिकायची जी काही शक्यता आहे ती या लाचारीमुळेच आहे.

आता २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांच्या पदवीचा पर्याय आला. सरांची त्यावरची पहिली प्रतिक्रिया: “म्हणजे सहा वर्षं की!”

वेचणी, एसटी, लग्न

पाच वर्षं कागदावर मिळाली. प्रत्यक्षात ती मिळवताना तीन गोष्टी आडव्या येत.

पहिली कापसाची वेचणी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पावसाळा संपता संपता सुरू होतात, आणि दसरा-दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो. मजूर मिळत नाही, घरची मुलगी वेचायला लागते. गंगाखेड-सोनपेठकडच्या काही मुलींचे आईवडील तर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि धाकटी भावंडं तिच्या गळ्यात पडतात. सरांनी यावर भाषणं दिली नाहीत. त्यांनी सराव हलवला. जून ते ऑगस्ट हा त्यांचा मुख्य हंगाम, पाऊस असला तर सभागृहाच्या व्हरांड्यात भिंतीवर चेंडू. वेचणीच्या दिवसांत फक्त पिचर, कॅचर आणि जवळपासच्या मुली येणार. बाकीच्यांनी सामन्याच्या आदल्या तीन-चार दिवसांत यायचं. वेचणीला गेलेल्या मुलीचं नाव कापायचं नाही, हा अलिखित करार होता. आई-वडिलांना तो माहीत होता, म्हणून सामन्याच्या दिवशी ते मुलगी सोडायचे.

दुसरी एसटी. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो. पदवीला गेल्यावर तो जातो आणि सवलतीच्या पासाचे पैसे भरावे लागतात. शेवटची गाडी चुकली की मुलगी गावात अडकते आणि दुसऱ्या दिवशी तिचं मैदान बंद होतं. सराव त्या गाडीच्या वेळेवर संपायचा, मग इनिंग अर्धी असली तरी. २०२१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कोरोनाने जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं त्या काही महिन्यांनी केलं. खेड्यातल्या मुलींची सवयच तुटली. दोन जणी परत आल्याच नाहीत.

तिसरी लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे अकरावीत पिचर शोधणं ही नुसती क्रीडानीती नव्हती. दहावीनंतर मुलगी घरी बसली की प्रश्नच संपला. सर मुलीच्या घरी जायचे ते अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी. मैदानाचं बोलणं शेवटी. आधी पाऊस, मग भाव, मग पोरीचे मार्क. एका आईने त्यांना सांगितलं होतं, “सर, लेकरू उन्हानं काळं पडायलंय, उद्या पाहुणे आले तर काय सांगावं?” सरांनी तिच्याशी वाद घातला नाही. मुलीला आउटफिल्डमधून काढून कॅचर केलं, तोंडावर मास्क आला. हा किस्सा सर स्वतः रंगवून सांगतात. त्यातला मास्कचा भाग मला थोडा वाढवलेला वाटतो, पण ती मुलगी विद्यापीठाची कॅचर झाली हे खरं.

नोकरी

घरच्यांचं मन खऱ्या अर्थाने वळलं ते नोकरीमुळे. राज्य सरकारच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. २००५ च्या एप्रिलमधला शासन निर्णय आणि २०१६ च्या जुलैमधला सुधारित निर्णय ही दोन कागदपत्रं सरांच्या टेबलाच्या काचेखाली कायम असायची. पोलीस भरतीत, तलाठी भरतीत सॉफ्टबॉलच्या मुली लागल्या तसं मैदानावर येणाऱ्यांचं रूप पालटलं. २००५ साली ऑलिंपिक समितीने २०१२ पासून सॉफ्टबॉल काढून टाकायचं ठरवलं, ते गावात कुणाला कळलंही नाही. टोकियोला तो परत आला, पॅरिसला नव्हता, लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये पुन्हा आहे, याचीही चर्चा नाही. पण आरक्षणाच्या खेळांच्या यादीतून तो गेला असता तर दुसऱ्या दिवशी इनफिल्डवर गवत उगवायला लागलं असतं.

नोकरीबरोबर दुसरं दुखणं आलं. न खेळता यादीत नाव हवं असणाऱ्या मुली, त्यांच्यासाठी फोन करणारे काका, संस्थेतले कुणीतरी. राज्यभर बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजली आणि क्रीडा उपसंचालक कार्यालयातली पडताळणी कडक झाली, तेव्हा सरांना त्याचा आनंदच झाला. त्यांचा नियम होता: जूनपासूनच्या हजेरीवहीत नाव नसेल तर प्रवेशिकेत नाही. तो त्यांनी बहुतेक वेळा पाळला. बहुतेक हा शब्द मी जाणून वापरतोय. किमान एकदा तरी त्यांना मान तुकवावी लागली, आणि त्या वर्षी शेवटच्या जागेसाठी जी मुलगी वगळली गेली तिने पुढे खेळ सोडला. सरांचा सत्कारग्रंथ निघाला तर त्यात हे येणार नाही, म्हणून इथे लिहितोय.

खांदा

खालून टाकलेल्या चेंडूने खांद्याला इजा होत नाही, हा समज क्रीडा क्षेत्रात बरीच वर्षं होता. सरांचाही होता. बाद फेरीच्या स्पर्धेत एका दिवसात दोन-दोन, तीन-तीन सामने असतात आणि भरवशाची पिचर एकच असते. शतक पालटण्याच्या सुमारास त्यांच्याकडे बहुधा आजवरची सगळ्यात वेगवान मुलगी होती. दोन हंगाम प्रत्येक सामना तिनेच टाकला. तिसऱ्या हंगामाला तिला वेणी घालायला हात वर नेता येत नव्हता. विंडमिलमध्ये हात वरून खाली येताना दंडाच्या पुढच्या स्नायूवर आणि खांद्याच्या पुढच्या बाजूवर जबर ताण येतो, हे सरांना नांदेडच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाने समजावून सांगितलं. मुलगी तोवर हातची गेली होती.

त्यानंतरच्या स्कोअरबुकांत एक नवा रकाना दिसतो: प्रत्येक पिचरने टाकलेले चेंडू. सामन्यातले वेगळे, सरावातले वेगळे. आणि कितीही मोठा सामना असला तरी दुसरी पिचर तयार ठेवायची, तिला वापरायचंच. यामुळे काही सामने हरले. एका अंतिम सामन्यात टायब्रेकरला, म्हणजे सेकंड बेसवर धावपटू ठेवून इनिंग सुरू होते तेव्हा, त्यांनी थकलेल्या पिचरला काढून बारावीतून नुकत्याच आलेल्या मुलीला उभं केलं आणि सामना गेला. प्राचार्य चिडले, पालक चिडले. माझ्या मते या कारकिर्दीतला तो सगळ्यात चांगला निर्णय. पण तो घेण्याआधी एका मुलीचा खांदा खर्ची पडला होता, आणि त्याचा उल्लेख निघाला की सर विषय बदलतात.

प्रवास

थोडक्यात. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा पंजाबकडे असली की नांदेडहून सचखंड एक्सप्रेस, स्लीपर, सोबत तीन दिवसांच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. खेळाडूंना रेल्वे भाड्यात सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक हव्यात. महाविद्यालयातल्या मॅडम दहा दिवस घर सोडून यायला राजी होणं हे स्पर्धा जिंकण्याहून अवघड असायचं. बऱ्याचदा जुनी एखादी ताईच, नवऱ्याची समजूत घालून, यायची. पंजाबच्या मुलींच्या बॅटचा आवाज ऐकून आपल्या मुली पहिल्या दिवशी दबायच्या, असं सर सांगतात. दुसऱ्या दिवशी बंट करायला लागायच्या. बंट, चोरटी धाव आणि समोरच्याची चूक, यावरच या संघाने आयुष्यभर रन काढले.

निवृत्तीनंतर

सर निवृत्त झाले तेव्हा महाविद्यालयापुढे तीन वाटा होत्या. खेळ बंद करून सामान दुसऱ्या महाविद्यालयाला द्यायचं. किंवा तासिका तत्त्वावर कुणीतरी नेमून जमेल तसं चालवायचं. किंवा एखाद्या जुन्या खेळाडूला मानद प्रशिक्षक करायचं. पद लगेच भरलं जाणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. क्रीडा विभागाचा प्रभार मराठीच्या प्राध्यापकांकडे गेला. ते भले गृहस्थ आहेत, पण स्ट्राइक आणि बॉल यातला फरक त्यांना अजून विचारावा लागतो.

तिसरी वाट निघाली ती साखळीमुळे. सरांची एक जुनी पिचर गावातल्याच खाजगी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. शाळा सुटल्यावर ती मैदानावर येते. तिच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलीही येतात, म्हणजे सरांचा पाच वर्षांचा हिशोब तिने आणखी मागे नेलाय. आज तिच्या हाताखाली दोन पिचर आहेत, एक बारावीत, एक एफ.वाय.ला. धाकटीला थोरली शिकवते.

पण सरांकडे जे होतं ते तिच्याकडे नाही. प्रवेशिकेवर सही करायचा अधिकार नाही, प्राचार्यांच्या खोलीत थेट जाऊन बसायची मुभा नाही, रस्त्याचा ठेकेदार विद्यार्थी नाही. तिची मुलगी चार वर्षांची आहे, दहा दिवसांच्या प्रवासाला ती कशी जाणार हे तिलाही माहीत नाही. इनफिल्डवर यंदा नवा मुरूम पडलेला नाही, थर्ड बेसच्या बाजूला काळी माती वर आलीय. सर संध्याकाळी कधीकधी येऊन कट्ट्यावर बसतात, पण काही बोलत नाहीत. बोलले तर मुली त्यांच्याकडेच पाहतील, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. तरी मुरमाचं त्यांनी बोलायला हवं होतं, कारण ते ऐकलं जाईल असा गावात अजून तोच एक माणूस आहे.

तिच्या मानधनाचा ठराव संस्थेच्या पुढच्या बैठकीत आहे. विद्यार्थ्यांच्या क्रीडा शुल्कातून रक्कम द्यायची की संस्थेने स्वतंत्र द्यायची यावर अडलंय. त्याआधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची प्रवेशिका भरायची तारीख येईल. तिच्यावर सही मराठीच्या सरांची असेल आणि मुलींची यादी तिने दिलेली.